आजोबांच्या ट्रंकेतली रत्नागिरी, आणि बाजूला काढलेले ते पंचवीस फोटो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की घर नागपूरच्या महाल भागातलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, आजोबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, १९५७ मध्ये त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि १९६३ मध्ये ते परत आले, त्यानंतर घरातलं कोणी तिकडे गेलंच नाही, आणि आता माळ्यावरच्या ट्रंकेत सत्तरेक फोटो निघाले. मागे काही लिहिलेलं नाही, काही तर आजोबांच्या काळाच्याही आधीचे वाटतात, आणि या फोटोंवरून त्या गावाचा इतिहास कसा काढायचा हे तुम्हाला हवं आहे. आणि मग जाता जाता एक ओळ लिहिली, की समुद्राचे, किल्ल्याचे, माणसांचे फोटो ठेवले, बाकी पंचवीसेक नुसते रस्त्याचे नि दगडांचे आहेत ते बाजूला काढले.

ती ओळ वाचली आणि मी हातातलं काम ठेवलं. ते पंचवीस फोटो रद्दीत गेले नसतील तर आधी उठा आणि ते आणून बाकीच्यांसोबत ठेवा. का ते पुढे सांगतो, पण आधी आणून ठेवा.

मी तीस वर्षांहून जास्त हेच काम करून राहिलो. आधी डार्करूम, मग स्कॅनिंग, जुन्या फोटोंची दुरुस्ती, आणि त्यातूनच फोटो वाचायची सवय लागली. कोकणातले फोटो माझ्याकडे नागपुरात बसून किती आले असतील त्याचा हिशोब नाही, आणि दरवेळी लोकांना आश्चर्य वाटतं की समुद्रकाठच्या गावाचे फोटो इथे इतके चांगले कसे टिकले. त्याचं कारण आपली कोरडी हवा. रत्नागिरीत खारी दमट हवा आणि चार महिने पाऊस, तिथे कागदावर बुरशी धरते, जिलेटिनचा थर फुगतो, फोटो एकमेकांना चिकटतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यानं कागद ठिसूळ होतो, कडा वाकतात, पण बुरशी कमी धरते. त्यामुळे त्या गावातल्या कपाटात जे उरलं नाही ते महालातल्या ट्रंकेत उरलेलं असू शकतं, ही गोष्ट डोक्यात ठेवून पुढचं सगळं करा.

आपल्याकडे फोटोंचा खरा वैरी कूलर आहे. उन्हाळाभर ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीत हे फोटो ठेवू नका, मार्च-एप्रिलची कोरडी हवा आणि मग अचानक ओल, या ओढाताणीत वरचा थर कागदापासून सुटतो. आणि माळ्यावरही परत टाकू नका, वरच्या स्लॅबखाली मे महिन्यात भट्टी असते. मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट, मधला खण, फोटोंमध्ये साधा पांढरा अॅसिड-फ्री कागद, बस. डांबरगोळ्या टाकू नका. ते चिकट पानांचे, वरून प्लास्टिक ओढायचे अल्बम मिळतात ना, त्यात तर चुकूनही लावू नका, दहा-पंधरा वर्षांनी फोटो निघत नाही, निघाला तर अर्धा पानाला राहतो. ओल्या कापसानं पुसू नका, लॅमिनेशन करू नका. एखादा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर तो काचेसकटच स्कॅन करा, ओढून काढायला गेलात की चेहराच काचेवर राहतो. ट्रंकेत निगेटिव्ह असतील आणि डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म कुजून राहिली असं समजा, ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि पहिलं स्कॅन तिचं करा.

आणि कापू नका. हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून सांगतो. धंद्यात नवीन होतो तेव्हा एका घरचा जुना फोटो फ्रेममध्ये बसत नव्हता म्हणून मी त्याच्या जाड पुठ्ठ्याची खालची पट्टी कापली. त्या पट्टीवर स्टुडिओचं नाव आणि गाव उठावात छापलेलं होतं, ते मला कापल्यावर दिसलं. त्या घरातल्यांना आजही माहीत नाही की फोटो कुठला, आणि माझ्यामुळे माहीत नाही. तेव्हापासून पुठ्ठा, कडा, मागची बाजू, मागचा डाग, सगळं मला फोटोइतकंच महत्त्वाचं आहे.

आता वाचायला बसा. पहिल्यांदा चित्र पाहूच नका. फोटो पालथा घाला आणि कागद पाहा.

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण अडीच बाय चार इंचाचा किंवा सव्वाचार बाय साडेसहाचा, वर तपकिरी-पिवळट पातळ कागद, तो अंड्याच्या पांढऱ्यापासून केलेल्या थराचा जुना प्रिंट असायची शक्यता भरपूर, म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. हे आजोबांनी काढलेले नसणारच, कोणीतरी भेट दिलेले किंवा विकत घेतलेले. पोस्टकार्डाच्या आकाराचा फोटो, मागे पत्त्यासाठी रेघा, तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-चार दशकांतला धरून चला. कातरल्यासारखी नागमोडी कड असेल तर साधारण चाळीस ते साठच्या दशकातला. छोटे चौकोनी, सव्वादोन इंच बाय सव्वादोन इंच, पांढऱ्या कडेचे, ते १२० नंबरच्या फिल्मवरून थेट छापलेले, एका रोलमध्ये बारा. अगफाचा क्लिक थ्री कॅमेरा आपल्याकडे बडोद्याला बनायचा, तो ज्यांच्या घरी होता त्यांच्याकडे असे चौकोनी फोटो ढिगानं सापडतात. कागदाच्या पाठीवर ‘इंदू’ छाप दिसला तर तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कागद, आणि त्या कारखान्याचं उत्पादन १९६७ ला सुरू झालं, म्हणजे तो प्रिंट आजोबा परत आल्यानंतरचा. आता निगेटिव्ह जुनी आणि प्रिंट नवा असंही होतं, त्यामुळे कागदावरून फक्त एवढंच म्हणायचं की हा प्रिंट याच्या आधीचा नाही. रंगीत फोटो लालसर पडला असेल तर तो सत्तर-ऐंशीतला, त्यातला निळसर रंग आधी उडतो आणि मग सगळं गाव कुंकू सांडल्यासारखं दिसतं.

चांदीसारखी चमक काळ्या भागांवर दिसली तर घाबरू नका, ती चांदीच आहे, वर आलेली. पुसायची नाही.

एवढं झालं की सरळ करा, आणि तरी माणसांकडे बघू नका. फोटो काढणाऱ्यानं ज्यासाठी फोटो काढला ते सोडून बाकीचं सगळं बघा. नवरदेवाच्या मागचं छप्पर, आजीच्या डाव्या बाजूचा खांब, कोपऱ्यात अर्धी आलेली गाडी. गावाचा इतिहास कोपऱ्यांमध्ये असतो, कारण कोपऱ्यात काय आलं याकडे काढणाऱ्याचं लक्ष नव्हतं, त्यानं ते नटवलेलं नाही.

रत्नागिरीपुरतं सांगतो. किल्ल्यावरचं दीपगृह १८६७ चं, म्हणजे फोटोत ते दिसतं हे साल काढायला फार कामाचं नाही, कारण तुमच्याकडचा जवळपास कुठलाही फोटो त्याच्या नंतरचाच असणार, पण जागा ओळखायला त्याच्यासारखी खूण नाही. थिबा राजवाडा कामाचा आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा, त्याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं, १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला. तीस वर्षं एक राजा त्या गावात कैदेत होता. टेकडीवर उतरत्या छपरांची ती मोठी वास्तू दिसली की फोटो १९१० च्या आसपासचा किंवा नंतरचा, आणि त्याच कोनातून टेकडी मोकळी दिसली तर आधीचा. पतितपावन मंदिर, सगळ्या जातींना खुलं असलेलं, ते १९३१ चं, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सावरकर १९२४ ते १९३७ तिथे स्थानबद्ध होते त्या काळातलं. त्या मंदिरापुढे पंगतीचा किंवा लोकांच्या जमावाचा फोटो निघाला तर त्यातल्या प्रत्येक चेहऱ्याला किंमत आहे, तो फोटो कोणाला देऊ नका, आधी नीट स्कॅन करा.

छपरं बघा. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनचा, मंगळूरला १८६५ मध्ये सुरू झाला, आणि मग ही कौलं समुद्रमार्गे सगळ्या किनाऱ्यावर गेली. त्याच्या आधी नळीची गावठी कौलं किंवा गवता-झावळ्यांचं शाकारलेलं छप्पर. एकाच फोटोत तिन्ही दिसतात कधी कधी, बंदराजवळ मंगळुरी, आत नळीची, कडेला झावळ्या, आणि तेवढ्यावरून कोणाच्या हातात पैसा होता ते कळतं. स्लॅबची घरं त्याच्याही बऱ्याच नंतरची.

गाड्या बघा. आपली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिल्यांदा धावली, त्याआधी सगळ्या खासगी सर्व्हिस मोटारी. नंबर प्लेटवर ‘एमएच-०८’ दिसलं की तो फोटो १९८९ च्या नंतरचा, त्याआधीच्या पाट्या तीन अक्षरांच्या. आणि पाट्यांवरचा मजकूर वाचा, मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या दुकानावर ‘जि. रत्नागिरी’ असेल तर तो १ मे १९८१ च्या आधीचा, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी वेगळा झाला. तुमच्या आजोबांच्या काळात रत्नागिरी जिल्हा म्हणजे पार गोव्याच्या सीमेपर्यंत, त्यामुळे ट्रंकेतला प्रत्येक समुद्र रत्नागिरी गावचाच असेल असं धरू नका, त्यांना साइटवर मालवण-देवगडपर्यंत जावं लागलं असणार.

आणि स्टुडिओतला फोटो असेल, मागे समुद्र, खांब, जिना, तर तो समुद्र कापडावर रंगवलेला. असे पडदे नागपुरातल्या स्टुडिओंमध्येही लटकत होते. मागे समुद्र आहे म्हणून रत्नागिरी, असं म्हणून एका घरानं दोन वर्षं शोध घेतला, फोटो निघाला इथल्याच सीताबर्डीचा.

ऋतूही कळतो. होड्या वाळूवर वरपर्यंत ओढून, झावळ्यांच्या झापांनी शाकारून ठेवल्या असतील तर तो पावसाळा, जून ते नारळी पौर्णिमेच्या मधला. धक्क्यावर लाकडी पेट्यांचा ढीग आणि बाजूला भाताचं तूस-गवत दिसलं तर एप्रिल-मे, हापूस मुंबईला निघाला. खूप जुन्या फोटोत आकाश आणि समुद्र दोन्ही पांढरेफटक, क्षितिजच नाही असं दिसेल, ते धुकं नव्हे. त्या वेळी फिल्मऐवजी कॅमेऱ्यात घालायच्या काचा निळ्या रंगाला फार लवकर पकडायच्या आणि लाल रंग त्यांना जवळजवळ दिसायचाच नाही, म्हणून समुद्र पांढरा आणि जांभ्या दगडाची भिंत काळीकुट्ट. तशी भिंत बघून लोक म्हणतात काळ्या दगडाचं गाव होतं वाटतं. अहो, लालभडक चिरे आहेत ते.

एक फोटो जवळून दाखवतो म्हणजे कळेल मी काय म्हणून राहिलो.

धरमपेठेतल्या एका घरचा, सव्वादोन इंची चौकोनी प्रिंट, अंगठ्यानं झाकला जाईल एवढा. २४०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला २४०० ठिपके इतक्या बारकाईनं, स्कॅन केला. वाळूला लागलेला पडाव, म्हणजे होडी, त्यातून माणसं उतरताहेत. एक माणूस धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन, वहाणा हातात धरून पाण्यात उभा, त्याच्यामागे नऊवारीतली बाई, कासोटा घट्ट आणि कडेवर पोर, पोराच्या हातात काहीतरी चकचकीत, बहुतेक तांब्या. लांबवर आगबोट नांगरलेली, धुराची रेघ वाकडी. कोपऱ्यात आंब्याच्या पेट्या. पेट्या आहेत म्हणजे उन्हाळा. सावल्या कॅमेऱ्याकडे येताहेत, कॅमेरा समुद्राकडे म्हणजे पश्चिमेला तोंड करून, म्हणजे दुपार कलल्यावरची वेळ. सगळं बरोबर जमत होतं, पण एक गोष्ट मला दोन दिवस खात होती, किल्ल्याची ती डोंगराची सोंड डाव्या हाताला होती. मांडवीच्या, म्हणजे रत्नागिरीच्या बंदराच्या, वाळूवर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की किल्ला उजव्या हाताला येतो, उत्तरेला, आणि भाट्याची खाडी डाव्या हाताला. मग ही दुसरी जागा आहे का? नकाशे काढले, दुसऱ्या बंदरांचे फोटो लावून पाहिले, काही जमेना. शेवटी त्या बाईचा पदर बघितला, उजव्या खांद्यावर. आणि मागच्या एका सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर. प्रिंट उलटा होता, छापताना निगेटिव्ह पालथी पडलेली. फिरवून पाहिला आणि सगळी मांडवी आपापल्या जागी बसली. त्या घरात तो फोटो साठ वर्षं उलटाच लटकत होता.

म्हणून प्रत्येक फोटोला पदर, खिसा आणि पाटी तपासा. आणि कॅमेरा धक्क्यावरून गावाकडे बघतोय की गावातून समुद्राकडे, हे आधी ठरवा, नाहीतर बरोबर फोटोला उलटा म्हणाल.

आता मूळ मुद्दा. साल काढणं म्हणजे इतिहास झाला असं नाही. इतकी वर्षं किनाऱ्यावरच्या गावांचे फोटो बघून माझं एक मत झालंय, आणि ते मला फार मनापासून वाटतं, की अशा गावाला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे गावाचं तोंड कुठे आहे. जुन्या फोटोंमध्ये रत्नागिरीचं तोंड समुद्राकडे आहे. गर्दी कुठे, तर बंदरावर. चांगले कपडे घालून माणसं कुठे उभी, तर बंदरावर. साहेब आला, नवरी आली, टपाल आलं, सगळं बोटीनं, आणि जून लागला की बोटी बंद, गावाचं दार बंद, ते श्रावण सरेपर्यंत. घाटावरून यायचं म्हणजे कोल्हापूरहून आंबा घाट उतरून, तो प्रवास ज्यानं केला तो सांगेल. मग पन्नास-साठच्या दशकातले फोटो लावत गेलात की दिसतं, गर्दी हळूहळू एसटी स्टँडवर सरकते. निरोपाचे फोटो आता मोटारीच्या खिडकीतून. गाव मान वळवतं. बोटी कमी होत होत पुढे बंदच पडल्या, मुंबई-गोवा हमरस्ता हातखंब्यावरून जातो, गावापासून आत, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा स्टेशनही गावाबाहेर, समुद्राला पाठ करून. मांडवी आता संध्याकाळी फिरायला जायची जागा. जिथून गाव जगाला भेटायचं तिथे आता लोक भेळ खायला जातात, आणि हा बदल कुठल्या एका दिवशी झाला नाही, म्हणून तो कुठल्या दगडावर कोरलेला सापडत नाही. तो फक्त फोटोंत दिसतो, आणि तोही फोटो ओळीनं लावले तरच.

आता सांगा, हे तोंड फिरवलं कोणी? रस्त्यांनी. आणि १९५७ ते १९६३ या वर्षांत त्या जिल्ह्यात रस्त्यांची, मोऱ्यांची (रस्त्याखालून पाणी जायला बांधतात ते छोटे पूल), पुलांची कामं करणाऱ्या खात्यात तुमचे आजोबा ओव्हरसियर होते. ते तिथे पोचले तेसुद्धा इतिहासामुळेच, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपलं नागपूर राजधानीचं शहर राहिलं नाही, आणि इथल्या सरकारी माणसाची बदली थेट कोकणात होऊ लागली. त्याआधी महालातल्या माणसाला रत्नागिरीची ऑर्डर निघायचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळे तुम्ही बाजूला काढलेले ते पंचवीस फोटो, ते नुसते रस्त्याचे नि दगडांचे नाहीत बाप्पा. समुद्राचे आणि किल्ल्याचे फोटो दुसऱ्यांकडेही मिळतील, येणारा प्रत्येक जण तेच काढायचा. पण अर्धी बांधलेली मोरी, गिट्टी फोडणाऱ्या बायांची ओळ, डांबराची पिंपं, रोलरवर बसलेला ड्रायव्हर, हे त्या काळी फिल्म खर्चून कोण काढणार? बारा फोटोंचा रोल, धुलाई-छपाईचा खर्च वेगळा, आणि एका ओव्हरसियरच्या पगारात त्यानं त्यातले दोन-दोन फोटो मोरीवर घातले, याचा अर्थ त्यांना ते काम फोटो काढून ठेवण्याजोगं वाटलं. कदाचित कामाच्या रेकॉर्डसाठी काढले असतील, तरी एक प्रत घरी आणून ट्रंकेत ठेवली, नागपूरपर्यंत आणली. त्यात माणसं असतील ना, ती बघा. रस्त्यावर राबणाऱ्यांचे फोटो कोणाच्याच घरी नसतात, त्यांच्या स्वतःच्या घरी तर नसतातच.

हे फोटो नीट वाचता येतात. मोरीच्या कठड्यावर बहुतेक वेळा साल कोरलेलं असतं, कधी मैलाचा नंबरही. स्कॅन मोठा करून बघा. मैलाचा दगड दिसला तर त्यावर गाव आणि अंतर, आणि अंतर मैलात आहे की किलोमीटरमध्ये तेही बघा. दगडाचा पोत बघा, चिरे कापलेले सपाट आणि भोकाभोकांचे म्हणजे जांभा, म्हणजे किनारपट्टी किंवा जवळचं पठार. काळा घट्ट दगड आणि मागे उंच कडा असेल तर घाटाच्या बाजूचं काम.

स्कॅनिंगचं थोडक्यात. मोबाइलनं फ्लॅश मारून काढू नका. साधा सपाट काचेचा स्कॅनर, पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, छोट्या चौकोनी फोटोंना १२०० किंवा वर, टिफ फाइल, आणि प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन, कोरी असली तरी. कागद आत ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये जुना फोटो घालायचा नाही, घडीवर तुटतो. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, जी काही साफसफाई करायची ती कॉपीवर. आजकाल एका बटणात रंग भरून, चेहरे गुळगुळीत करून मिळतात, घरच्या भिंतीवर लावायला करा हवं तर, पण इतिहास काढायला ते वापरू नका, ते प्रोग्रॅम नसलेलं भरतात. एका ठिकाणाहून सुधारून आलेल्या फोटोत दुकानाच्या पाटीवरची अक्षरंच बदललेली मी पाहिली आहेत, आणि त्या माणसाकडे मूळ स्कॅन उरला नव्हता.

फोटोला नंबर द्या, मागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीनं, बॉलपेननं नाही, ते पुढे उमटतं. ट्रंकेत ज्या क्रमानं होते तो क्रम आठवत असेल तर आत्ताच लिहून काढा. एका पाकिटात कोणते एकत्र होते, कोणत्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, त्या वर्तमानपत्रावरची तारीख. ते पेपर फेकले का हो? फेकले नसतील तर ठेवा.

पडताळायला दोन जुनी गॅझेटिअर्स घ्या, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, १८८० चा, आणि स्वतंत्र भारतातलं रत्नागिरी जिल्ह्याचं १९६२ चं. दुसरं तर बरोबर आजोबांच्या काळातलं, त्यात रस्ते, बंदरं, बोटी यांची प्रकरणं आहेत. फोटोतली मोरी कुठल्या रस्त्यावरची असू शकते हे त्या रस्त्यांच्या वर्णनाशी लावून बघा. मग स्कॅनच्या छापील प्रती घेऊन एकदा प्रत्यक्ष जा, मूळ फोटो नेऊ नका, समुद्राची हवा त्यांना नको. गावात गेल्यावर म्हाताऱ्या माणसांना ‘हे साल कुठलं’ असं विचारू नका, सालं कोणाला आठवत नाहीत. ‘या छपराखाली कोण राहायचं’ विचारा, ‘खाडी ओलांडायची ही तर, ही होडी, कुठे लागायची’ विचारा, माणसं बोलायला लागतात.

पण त्याच्याही आधी नागपुरातच एक काम आहे. तुम्ही लिहिलं की आत्या ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि रत्नागिरीला असताना त्या शाळेत जायच्या. म्हणजे त्या ट्रंकेतलं गाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तुमच्या घरात एक माणूस आहे. या रविवारीच जा. सगळे सत्तर घेऊन जाऊ नका, दमतात, दहा-बारा न्या, मोठे प्रिंट काढून न्या म्हणजे चष्म्याचा त्रास नको, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा आणि पहिला फोटो किल्ल्याचा दाखवू नका, मोरीचा दाखवा. बाबांच्या साइटवर सुट्टीत गेलेल्या मुलीला त्या रोलरच्या ड्रायव्हरचं नावही आठवत असेल. नाव सांगितलं तर त्याच दिवशी, तिथेच बसून, पेन्सिलीनं मागे लिहा.